जुन्या धाब्याच्या घराची दुरुस्ती: आधी पाणी, मग छत, मग लाकूड आणि चुना सगळ्यात शेवटी

खान्देशात जुन्या घराच्या दुरुस्तीचा क्रम बहुधा उलटा असतो. श्रावणात कानबाई (खान्देशातली घरोघर बसवली जाणारी देवी) बसायच्या आधी घर स्वच्छ दिसावं म्हणून भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला जातो, त्यावर ऑइलपेंट. धाबं (मातीचं सपाट छत) पुढच्या वर्षी पाहू म्हणतात, आणि लाकडाकडे छताची कडी खाली आल्यावर लक्ष जातं. दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात, भिंत पुन्हा ओली होते आणि दोष मात्र जुन्या बांधकामाच्या माथी मारला जातो.

पुढचे टप्पे लाकडी खांब-तुळयांच्या, मातीच्या धाब्याच्या आणि विटा-मातीच्या जाड भिंतींच्या घरासाठी लिहिले आहेत. पारोळा, धरणगाव, चोपडा, यावल, शिरपूर, नंदुरबार या पट्ट्यात अशी घरं अजून पुष्कळ आहेत. विटा-चुन्यातलं जुनं चर्च, शाळा किंवा रेल्वेचा बंगला असला तर छताचा टप्पा वेगळा, कारण तिथे बहुधा कौलं असतात. भिंतीचा आणि ओलीचा भाग मात्र जसाच्या तसा लागू होतो.

वेळापत्रक आधी ठरवा

होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा काळ पाण्याच्या वाटा, धाबं आणि आतल्या भिंतींवरचं सिमेंट काढणं यांसाठी. पावसाळ्यात फक्त निरीक्षण करायचं आणि चुना विरवून मुरत ठेवायचा. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत बाहेरच्या भिंती आणि चुन्याचा गिलावा.

चुन्याचं काम एप्रिल-मेमध्ये काढू नका. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या उन्हात गिलाव्यातलं पाणी काही तासांत उडून जातं. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. ओलसर राहून हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो हळूहळू दगडासारखा बनतो. कोरडा पडला की ती क्रिया तिथेच थांबते आणि हाताला पीठ लागतं. मग गवंडी म्हणतो, चुन्यात दम नाही.

टप्पा १: कागद आणि भाऊबंद

घराला हात लावण्याआधी गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि शहरात मालमत्ता पत्रक काढा. बहुतेक वाड्यांवर आजोबा-पणजोबांचं नाव असतं आणि वारसनोंद राहिलेली असते. दुरुस्ती निम्मी झाल्यावर पुण्या-सुरतेचा चुलतभाऊ हरकत घेऊन उभा राहिला की उघडं धाबं तसंच पावसात जातं. आखाजीला बहिणी माहेरी येतात, कानबाईला सगळं भाऊबंद जमतं. लेखी संमती घ्यायची ती तेव्हाच.

जवळ किल्ला, मकबरा किंवा जुनं देऊळ असेल तर ते केंद्र-संरक्षित आहे का, विचारून घ्या. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. १०० मीटरांच्या आत १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, पण अर्ज करूनच. काम सुरू करून मग अर्ज करणं महागात पडतं.

टप्पा २: घर नीट पाहून घ्या

मोजटेप, ओळंबा, पेचकस, खडू आणि मोबाइल एवढ्यावर हे काम होतं. घाई करू नका. पुढचा सगळा खर्च याच्यावर ठरतो.

कागदावर घराचा कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक खणाला आकडा द्या. मग प्रत्येक खणाचे चार भिंती, जमीन आणि छत असे सहा फोटो घ्या. कोरीव खांब, हस्त, दाराची चौकट, देवळ्या यांचे वेगळे घ्या. फोटोत फूटपट्टी किंवा मोजटेप दिसू द्या. सुताराला उद्या एखादा तुकडा नवा घडवायचा असेल तर हाच फोटो उपयोगी पडतो.

आता भिंती. वरून ओळंबा सोडा. भिंतीला पोट सुटलं असेल तर ओळंब्याची दोरी मध्ये भिंतीला टेकते आणि खाली सुटी राहते. इथल्या बऱ्याच भिंती बाहेरून पक्क्या विटेच्या आणि आतून पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असतात. ओल शिरली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि बाहेरची वीट फुगून येते. मुठीनं ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर खडूनं गोल करा.

तड्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळं वागतं. माती उन्हात आकसते आणि पाण्यानं फुगते, तसा तडा उघडतो-मिटतो. वर्षभर टोक तिथेच राहिलं तर तो तडा जुना आणि थांबलेला. टोक रेघेच्या पुढे सरकलं तर हालचाल चालू आहे. अशा तड्यात सिमेंट कोंबून काही साधत नाही, तो शेजारून फुटतो.

> इथे थांबा: पोट सुटलेली भिंत, पुढे सरकणारा तडा किंवा वाकलेली तुळई यांपैकी काहीही दिसलं तर पुढचं काम जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. जो पहिल्या भेटीतच "पाडून स्लॅब टाका" म्हणतो, त्याच्या फीचे पैसे वाचवा.

घरात पेव आहे का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. धान्याची जुनी पेवं वरून फरशी टाकून झाकलेली असतात. खालची पोकळी कोणाच्या लक्षात नसते आणि नेमका तिच्यावर धिरा (छताला खालून द्यायचा तात्पुरता टेकू) उभा केला जातो.

बळदात (धान्याच्या कोठीत), माळ्यावर, देवळीत कागद सापडले तर जाळू नका आणि रद्दीत देऊ नका. मोडी कागद असतील तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे चौकशी करता येते.

टप्पा ३: पाणी बाहेर काढा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, कारण यात दाखवण्यासारखं काही नसतं. भिंतीला खालून तीन-चार फूट ओल आणि पांढरा लोणा (क्षारांची पूड) दिसला की लोक भिंतीवर उपाय करतात. पाणी येतं कुठून, ते शोधत नाहीत.

क्रमानं पाहत जा.

अ) रस्ता. काँक्रीटचे आणि पेव्हर ब्लॉकचे रस्ते दर वेळी जुन्यावर चढत गेले. एकेकाळी तीन पायऱ्या चढून जायचा ओटा आता रस्त्याला टेकला आहे. गल्लीतलं पाणी थेट जोत्याला लागतं. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उथळ चर खणा, त्यात खडी भरा आणि उतार गटाराकडे द्या. चर पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नका, आणि अख्ख्या लांबीचा एकदम खणू नका. आठ-दहा फुटांचा तुकडा करा, भरा, मग पुढे सरका.

आ) भिंतीलगतचं काँक्रीट. ओल थांबावी म्हणून जोत्याला चिकटून जो पट्टा ओततात, तोच जमिनीतली वाफ बाहेर पडू देत नाही. मग ती ओल भिंतीतून वर चढते. तो पट्टा फोडा आणि तिथे फरशी वाळूत बसवा.

इ) न्हाणी आणि संडास. मूळ घरात हे परसात होतं. आता ते माजघराच्या कोपऱ्यात आलं आहे आणि नळाचे पाइप मातीच्या भिंतीत खोबणी पाडून पुरलेले आहेत. पाइप भिंतीबाहेर उघडे घ्या. दिसायला वाईट दिसतात, पण गळाले तर कळतं.

ई) कूलर. खान्देशात चार महिने कूलर चालतो आणि तो खिडकीला टेकून ठेवलेला असतो. त्याचं पाणी थेंब थेंब करत खिडकीखालच्या भिंतीत मुरतं. बोअरचं पाणी खारट असेल तर लोणाही तिथेच धरतो. खिडकीखाली कंबरेएवढ्या उंचीवर पंख्यासारखा पसरलेला पांढरा डाग दिसला तर आधी कूलर वीतभर पुढे सरकवा आणि मगच गवंडी बोलवा.

उ) पन्हाळ. धाब्याची पन्हाळ भिंतीपासून निदान फूट-दीड फूट पुढे आली पाहिजे. ती मोडली की पाणी भिंतीवरून वाहतं. त्या जागी पीव्हीसीचा पाइप बसवला तर हरकत नाही, पण तोंडाशी सिमेंटची गच्च भरणी करू नका.

> तपासणी: पाण्याच्या वाटा बदलल्यावर ओलीची वरची रेघ खडूनं आखा. दोन महिन्यांत ती खाली सरकायला हवी. सरकली नाही तर एखादी वाट राहिली आहे. चुन्यावर पैसे घालण्याआधी ती शोधा.

टप्पा ४: धाबं

धाब्याची रचना साधी असते: भिंतीवर आणि तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्यांचं किलचण, त्यावर पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर खारी किंवा पांढरी माती. पाणी वाहून जावं एवढा उतार, आणि दर वर्षी पावसाआधी मातीचा एक हात.

हा वार्षिक हातच धाब्याच्या जिवावर उठतो. गळालं की वर माती टाका, पुन्हा गळालं की पुन्हा टाका. जुनी माती कोणी काढत नाही. १० बाय १२ फुटांच्या खोलीवर मातीचा फक्त एक इंच थर चढला तरी जवळपास अर्धा टन वजन वाढतं, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. पन्नास वर्षांत किती इंच चढले असतील, ते धाब्याच्या कडेला छोटा खड्डा करून मोजा. कड्या वाकतात त्या म्हातारपणानं कमी, या ओझ्यानं जास्त.

१. आधी खालून धिरे द्या (पद्धत पुढच्या टप्प्यात आहे).

२. वरची माती हलक्या हातानं, फावड्यानं आणि दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. एका बाजूला ढीग करू नका. टिकाव नको.

३. चिखलाच्या थरापर्यंत या. पाला कुजला असेल तर तोही काढा आणि किलचण पेचकसानं टोचून पाहा.

४. नवा पाला आणि त्यावर गव्हाचा भुसा घालून कुजवलेला चिखल घाला. चिखल निदान आठ-दहा दिवस मुरू द्या, वास सुटला पाहिजे.

५. वर खारी माती साधारण दोन-तीन इंच टाका. नुसती काळी माती कधीच नको, ती वाळली की भेगाळते. खारी माती ओली झाली की बारीक छिद्रं बुजवते आणि तिच्यावर गवतही कमी उगवतं.

६. उतार दर तीन फुटांना साधारण एक इंच, पन्हाळीकडे. पाणी शिंपडून चोपा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चोपा.

माती आणताना गावाबाहेरच्या जुन्या पांढरीच्या (उठून गेलेल्या वस्तीच्या) टेकाडाला हात लावू नका. प्रकाशे आणि बहाळ इथे १९५० च्या दशकात उत्खननं झाली ती अशाच टेकाडांवर. तुमच्या गावचं टेकाड संरक्षित असेल तर ट्रॅक्टरसकट पकडले जाल. धाब्यावरून उतरवलेली माती चाळून घ्या, बहुतेक वेळा ती पुरते.

दोन चुका सगळीकडे दिसतात. एक, मातीच्या खाली प्लॅस्टिकची ताडपत्री. खालून वर जाणारी वाफ तिच्या पोटाला लागून थेंब धरते आणि कड्या कोरड्या उन्हाळ्यातही कुजतात. दुसरी, मातीच्या भिंतींवर आरसीसी स्लॅब. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते करणाऱ्याला कोणी थांबवू शकत नाही.

पत्र्याचं विचाराल तर माझा विरोध नाही. दर वर्षी धाब्यावर चढायला घरात माणूसच नसेल तर धाबं हलकं करून वर पत्रा टाकणं बरं. फक्त तो धाब्यापासून फूट-दीड फूट वर, हवा खेळेल असा आणि भिंतींत घट्ट बांधलेल्या पायांवर हवा. रावेर-यावलकडे मे महिन्यात केळी आडवी करणारा वारा सुटतो. विटा ठेवून दाबलेला पत्रा त्या वाऱ्यात शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो.

टप्पा ५: लाकूड

सागवान कुजतं ते सहसा दोनच जागी: भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक आणि तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकलेला खांबाचा पाय. मधलं लाकूड शंभर वर्षांनंतरही खणखणीत असतं. म्हणून अख्खी तुळई बदलायचा सल्ला लगेच मानू नका.

पेचकस टोकाशी दाबा. पाव इंचाहून आत सहज गेला तर तेवढा भाग गेला समजा. कुजलेलं तेवढं कापून त्या जागी जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडता येतो. पाडलेल्या घरांचं लाकूड शोधा, नवं कच्चं लाकूड वर्षभरात आकसतं आणि सांधा सुटतो.

धिरे लावायची रीत:

१. धिऱ्याखाली जाड फळी ठेवा, नुसता फरशीवर टेकवू नका. खाली पेव नाही ना, ते आधी पाहिलेलं असलं पाहिजे.

२. माडी असेल तर वरचा धिरा खालच्या धिऱ्याच्या बरोबर डोक्यावर आला पाहिजे.

३. जॅकनं तुळई सरळ करायला जाऊ नका. वाकून स्थिर झालेलं लाकूड जबरदस्तीनं उचललं की भिंत फुटते. वजन घेण्यापुरतं दाबा आणि थांबा.

४. एका वेळी एकच खांब किंवा एकच तुळई.

उधईसाठी (वाळवीसाठी) बाहेरून फवारा मारून भागत नाही. तिची मातीची नळी भिंतीतून कुठे उतरते ते पाहा, बहुधा ती ओलीच्या जागीच जाते, आणि परवानाधारक माणसाकडून तिथे उपचार करून घ्या. किड्यानं भोकं पाडलेल्या, पण पाऊस न लागणाऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी ब्रशनं देता येतं. बाहेरच्या लाकडावर ते टिकत नाही, धुऊन जातं.

कोरीव खांबावर ऑइलपेंटचे थर असतील तर घासायचं मशीन आणि ब्लो-टॉर्च दोन्ही लांब ठेवा. रंग काढायची पेस्ट, बांबूची कमची आणि मऊ ब्रश, एवढंच. वेळ लागतो. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या.

> सावधान: जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हात एकेक पसरून कडक वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आणि दारावर येऊन "जुनी चौकट द्या, नवीन दार बसवून देतो" म्हणणाऱ्याला पाणी पाजा आणि वाटेला लावा.

टप्पा ६: भिंत आणि चुना

चुना पावसाळ्यातच विरवून ठेवा. कळी (भाजलेल्या चुन्याची ढेकळं) ताजी हवी. एक ढेकूळ पाण्यात टाकून पाहा: फुसफुसून, तापून फुटलं तर जिवंत. थंडच राहिलं तर मेलेला चुना, परत करा. पिंपात आधी पाणी घ्या आणि कळी थोडी थोडी टाका. पाणी उकळतं आणि शिंतोडे उडतात, म्हणून डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पोरं लांब. विरलेला चुना जाळीतून गाळा आणि वर चार बोटं पाणी ठेवून झाकून टाका. तीन आठवडे तरी मुरलाच पाहिजे, तीन महिने मुरला तर उत्तम.

सिमेंटचा जुना गिलावा छिन्नी-हातोड्यानं काढा. ब्रेकर मशीननं मातीची भिंत आतून खिळखिळी होते. आतल्या भिंती होळीनंतर उघड्या करून उन्हाळाभर वाळू द्या. बाहेरच्या भिंतींचा खालचा चार फुटांचा पट्टा दसऱ्यानंतर उघडा करा आणि संक्रांतीपर्यंत तसाच ठेवा. या काळात लोणा बाहेर येत राहील. तो कोरड्या ब्रशनं झाडून घराबाहेर टाका. पाण्यानं धुतला तर परत आत मुरतो.

मग काम असं:

१. विटांचे सांधे अर्धा-पाऊण इंच खरवडून चुन्याच्या मालानं भरा. मातीच्या भिंतीवर थेट चुना धरत नाही. तिथे आधी भुसा घातलेल्या मातीचा हात द्या, त्यावर ओरखडे काढा आणि तो पूर्ण वाळू द्या.

२. मालाचं प्रमाण: मुरलेला चुना १ घमेलं, सुरखी (विटांची पूड) १, धुतलेली वाळू २. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालणारे गवंडी आहेत. घालू द्या, पण त्याच्या भरवशावर चुना कमी करू देऊ नका. चिमूटभरही सिमेंट नको. "पकड येते" म्हणून गवंडी गुपचूप टाकतात, त्यामुळे सिमेंटचं पोतं त्या दिवशी घरातच नको.

३. भिंत आदल्या संध्याकाळी आणि सकाळी ओली करा. पाणी गोडं हवं. खाऱ्या बोअरच्या पाण्यानं तुम्ही स्वतःच लोणा पेरता.

४. एक हात अर्ध्या इंचाहून जाड नको. खड्डा खोल असेल तर दोन-तीन हातांत भरा, मध्ये काही दिवस जाऊ द्या.

५. पहिला हात थोडा आवळला की लाकडी थापीनं पुन्हा दाबा. या वेळी उठणाऱ्या बारीक भेगा दाबूनच मिटतात. गवंडी निघून गेला की कोणी दाबत नाही, म्हणून हे काम चौरस फुटाच्या ठेक्यानं देऊ नका, रोजानं द्या.

६. गोणपाट ओलं करून टांगा, भिंतीला चिकटवू नका. आठ-दहा दिवस दिवसातून तीन-चार वेळा हलकं पाणी शिंपडा.

७. शेवटचा पातळ हात चुना १ आणि बारीक वाळू २, जाडी तीन ते पाच मिलिमीटर.

सगळी भिंत हाती घेण्याआधी मागच्या बाजूला तीन बाय तीन फुटांचा नमुना करून घ्या. महिन्यानं नखानं ओरखडा. पीठ निघालं तर एकतर पाणी कमी पडलं, नाहीतर चुना मेलेला होता. रेघ उठली आणि भुकटी नाही, तर पुढे जा.

टप्पा ७: रंग

इथे फार सांगायचं नाही. प्लॅस्टिक पेंट, ऑइलपेंट, वॉटरप्रूफ कोटिंग, पुट्टी, यातलं काहीच नको. हे सगळे भिंतीचं तोंड बंद करतात आणि आधीचे सहा टप्पे वाया जातात. मुरलेला चुनाच ताकासारखा पातळ करून तीन-चार हात द्या, प्रत्येक हाताआधी भिंत ओलसर करून. पहिला हात दिल्यावर भिंत पांढरी दिसत नाही आणि घरातली माणसं कुरकुर करतात. दुसऱ्या दिवशी दिसते. रंग हवा असेल तर गेरू, पिवळी माती किंवा नीळ चुन्यात टिकतात. रंगात गुठळी राहू नये म्हणून तो आधी पाण्यात भिजवून गाळून घ्या. डिंक घातलात तर अगदी थोडा.

खालच्या तीन फुटांना दर वर्षी एक हात लागेल, वरच्या भागाला दोन-तीन वर्षांनी. कानबाईच्या आधी द्यायचा असेल तर पावसाची उघडीप पाहून द्या. ओला चुना सरीत सापडला की ओघळतो आणि फरशीवर पडलेले डाग पुढे वर्षभर घासावे लागतात.